सरपंचांच्या घरचा फोन

ओल्या तरटाचा वास आला, की नव्वदच्या दशकातली इंदापूरजवळच्या आमच्या शाळेची ती खोली आठवते. संगणकाला ऊन सोसत नाही, म्हणून खिडक्यांना भिजवलेली तरटं टांगली होती. मी गावचा दुकानदार; शिक्षण खात्याच्या साहेबांशी घासाघीस करून संगणक मीच गावात आणला होता. पण साहेब जीप घेऊन तपासायला आले, त्या दुपारी फोनवरून तो बारामतीच्या कॉलेजला जोडला गेला नाही, तर शेजारच्या गावाला जाणार होता. शाळेला फोन नव्हता, म्हणून सरपंचांच्या घरच्या फोनलाच जोडून तार ओढली होती. मोडेम किंचाळायचा, पडद्यावर अक्षरं उमटू लागायची आणि जोडणी तुटायची. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी मी सरपंचांच्या घरी पळालो, तर त्यांची आई रिसीव्हर कानाला लावून उभी! "आजी, ठेव की ते खाली! त्यानंच जोडणी तुटतीय!" मी ओरडलो. "आरं, आत कुनीतरी केकाटतंय. काय हुतंय बाबा, म्हनून इचारते, तर बोलतच न्हाय!" मी परतलो तेव्हा संगणक जीपमध्ये चढला होता. मी साहेबांचे पाय धरले. "त्या गावच्या शाळेत स्वतंत्र फोन आहे हो," एवढंच ते म्हणाले. आजही त्या गावचं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं, तर मी भावात एक रुपया सोडत नाही.