खाज मोजणारे भावोजी

माझे भावोजी उंदरांची खाज मोजतात. एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात अठरा वर्षं नोकरी, हुद्दा तांत्रिक सहाय्यकाचा, तोंडी मात्र कायम ‘आम्ही संशोधक’. उंदराच्या मानेवरचे केस काढायचे, खाज आणणारं औषध टोचायचं, अर्धा तास चित्रण करायचं. मग पडद्यासमोर बसून हातातलं बटण दाबत मोजायचं. मागचा पाय उचलला की सुरुवात, जमिनीला टेकला की एक. मध्ये कितीही ओरबाडलं तरी एकच. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत, म्हणजे आकडा इमानी राहतो.

कुणाकडेही चहाला गेले की कप खाली ठेवायच्या आत यांचं सुरू व्हायचं.

“गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड रिसेप्टर! पेशीवरचं निरोप घ्यायचं दारच म्हणा. पोटात असतो, फुप्फुसात असतो, आणि मज्जारज्जूत असतो. त्वचेवरून निघालेला खाजेचा निरोप त्याच्यामार्फत मेंदूकडे जातो. आमच्याकडे जन्मतःच तो नसलेले उंदीर आहेत. टोचा, फारसे खाजवत नाहीत. पण शेपटीला चिमटा काढा, बरोबर ओरडतात! खाज वेगळी, वेदना वेगळी.”

जणू ते उंदीर यांनीच घडवले होते.

आणि घरात माझी ताई तीन महिने खाजवत होती.

तळहात, तळपाय, मग दंड, मग पाठ. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसतेच तिच्या नखांचे ओरखडे. दुपारी ती ओले पायमोजे घालून बसायची. पाठीला विणायची सुई लावायची. भावोजींनी आधी साबण बदलायला लावला, मग ‘मनाला लावून घेतेस तू’ म्हणाले, आणि शेवटी टीव्हीचा आवाज वाढवला.

“अगं, जरा थांबशील? तुझ्या त्या खरखरीमुळे बातम्या ऐकू येत नाहीत.”

“अहो, डॉक्टरांकडे जाऊ या ना.”

“पुरळ कुठंय? काय दाखवणार? या विषयात अठरा वर्षं काढलीत मी.”

ताई एकटी का गेली नाही, हे मला विचारू नका. मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “यांना त्यातलं कळतं ना.” माझं डोकंच फिरलं.

डोकं चाललं ते भाचीचं. कॉलेजात शिकते, जीभ आमच्या बाजूची. तिने पलंगावर कोरी पांढरी चादर घातली, आईला ढगळ गाऊन दिला, आणि खुर्चीवर फोन असा टेकवला की फक्त कोपरापासून हात आणि गुडघ्यापासून पाय दिसावेत. अर्धा तास चित्रण. रविवारी मी गेले होते तेव्हा तिने ते बापापुढे ठेवलं.

“बाबा, एवढं मोजून देता? प्रोजेक्ट आहे.”

“कोण आहे हे?”

“सांगायचं नसतं ना?”

भावोजी खूश. चष्मा पुसला, कपाटातून बटण काढलं. अर्धा तास मान हलली नाही. पंचवीस वर्षं ज्या हातचं जेवले, तो हात समोर तळपाय ओरबाडत होता आणि हे अंगठा दाबत होते. ताई दाराशी उभी राहून बघत होती.

“एकशे अठ्ठावीस,” ते म्हणाले. “फारच तीव्र केस आहे. पुरळ दिसत नाही, म्हणजे आतलं काहीतरी असणार. यकृत, मूत्रपिंड... काय माणसं असतात! अजून डॉक्टरकडे कसं नेलं नाही हिला?”

“तेच विचारतेय मी,” भाची म्हणाली. “तुमची बायको आहे ती.”

त्यांनी वळून ताईकडे पाहिलं. मग काय म्हणाले असतील? “मग आधी सांगायचं ना!”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. भावोजींनी डॉक्टरांना आकडा सांगितला, मोजायचा नियमही सांगितला. डॉक्टरांनी ताईची खालची पापणी ओढली.

“डोळे कधीपासून पिवळे आहेत?”

भावोजी वाकून ताईच्या डोळ्यांत बघू लागले.

“लघवीचा रंग?”

“गडद,” ताई म्हणाली. “दोन महिने झाले.”

“घरी कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं होतं.”

पित्ताची वाट अडली होती. खड्याने की गाठीने, ते तपासण्या झाल्याशिवाय कळणार नव्हतं. खडा असेल तर निभावलं, गाठ असेल तर पुढचं बोलायलाच नको. तपासणीच्या खोलीबाहेर ताई माझा हात धरून बसली होती. आणि भावोजी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, “गंमत बघा, हाच रिसेप्टर काही कर्करोगांच्या पेशींवर भरमसाट असतो. त्याला चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचलं की गाठ चित्रात उजळून दिसते! आमच्या...”

“अहो,” ताई म्हणाली, “तोंड बंद ठेवा.”

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ते खरंच गप्प बसले, अगदी तिचं नाव पुकारेपर्यंत.

खडा निघाला. तोंडातून नळी घालून काढला. आठवड्याभरात खाज गेली, डोळे निवळले. भेटायला येणाऱ्यांना भावोजी सांगू लागले, “मी मोजलं म्हणून वेळेत कळलं.” लोक माना डोलवायचे. ताई कप उचलून आत जायची.

फेरतपासणीची तारीख आली तेव्हा भावोजींनी स्वतःहून रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून, आकड्यांचा कागद खिशात ठेवून तयार बसले.

“तुम्ही कामावर जा,” ताई चपला घालत, माझ्याकडे बोट करून म्हणाली. “मी आणि ही जाऊन येतो.”