सात वारांचे उपास

स्मिताची ती चाल जयमालाबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. सारसोळ्याहून मासे घेऊन येणारी गोजरा सकाळी पाटी उतरवता उतरवता म्हणाली होती, "बाय, तुजी पोर अशी का चालते गो? होडीतून आत्ताच उतरल्यावानी. पायाखाली जमीन हालते काय तिच्या?"

"अशक्तपणा आहे. उपास चाललेत तिचे," जयमालाबाई म्हणाल्या.

स्मिता सव्वीस वर्षांची. टाइपिंगचा वेग असा, की मजकूर सांगता सांगता साहेबालाच धाप लागायची. वजन एके काळी एकशे आठ किलो. ऑफिसने तिच्यासाठी वेगळी लोखंडी खुर्ची मागवली होती, आणि "सिंहासन आलं माझं!" म्हणून सगळ्यांच्या आधी तीच हसली होती. घरी मात्र तीन स्थळं पोहे खाऊन गेली, ती गेलीच.

मग परदेशात शिकून आलेल्या मुंबईच्या एका सर्जननी टाके घालून तिचं पोट लहान केलं. लोकांना सांगितलं, अपेंडिक्स. दोन वर्षांत टाके सुटले, वजन परत आलं. यंदा, सत्त्याऐंशी साली, पुन्हा पोट उघडलं. या खेपेला पोटातल्या अरुंद वाटेभोवती पट्टी आवळली. लोकांना सांगितलं, अल्सर. वजन उतरलं, पनवेलचं स्थळ जमलं.

आणि पोटात पेजही ठरेना. व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा ताटातली पुरणपोळी बघून तिचा चेहरा पांढरा पडला. जयमालाबाई पटकन बोलून गेल्या, "तिचा सोमवारचा उपास असतो." होणाऱ्या सासूबाई हरखल्या. "हल्लीच्या मुली कुठे एवढं करतात!" मग मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देव कमी पडले नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी दोघी गुपचूप सर्जनकडे जाऊन आल्या. ते म्हणाले, "वाट फार आवळली आहे. आतून नळी घालून रुंद करून बघू. नाही जमलं तर पट्टी काढावी लागेल. तिसऱ्यांदा पोट उघडणं सोपं नाही, आणि वजन पुन्हा वाढेल. तोवर नाकातून नळी घालून अन्न देऊ. काहीही करा, पण या आठवड्यात करा. आणि कुणी सलाईन लावायला आलं, तर ऑपरेशनचं आधी सांगा. आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. उलटं झालं तर मेंदूवर जाईल."

स्मिताचे वडील, मधुकरराव, ऐकून उसळले. "नाकात नळी घालून हळदीला बसवू का तिला? महिनाभर कळ काढ म्हणावं. लग्न होऊ दे, मग बघू."

काल संध्याकाळी ती न्हाणीघरात पडली. कॉलनीतले डॉक्टर आले. "आधी काही ऑपरेशन?"

"अपेंडिक्स," मधुकररावांनी सांगितलं.

डॉक्टरांनी खिडकीच्या गजाला ग्लुकोजच्या दोन बाटल्या टांगल्या. जयमालाबाई शेजारीच उभ्या होत्या. सर्जनचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं, तिथेच राहिलं.

गोजरा गेल्यावर स्मिता भिंत धरत टेबलाशी आली. कपाकडे हात नेला, तो बाजूला पडला.

"आई, दोन कप का ठेवलेस?"

कप एकच होता.

"आज वार कुठला गं?"

"शुक्रवार."

"म्हणजे लक्ष्मी. आठवड्याला आठवा वार असता तर त्याचाही देव शोधला असतास तू." ती हसली. हसू ओसरलं, तसं तिने पुन्हा विचारलं, "आई, आज वार कुठला?"

जयमालाबाई उठल्या. सर्जन कुठल्या दिवशी कुठल्या हॉस्पिटलात असतात, हे त्यांना फोन केल्याशिवाय कळत नसे. कोपऱ्यावरचा लाल फोन आठवडाभर बंद होता. इमारतीत दुसरा फोन एकच, खाली सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांच्या हॉलमध्ये. आणि पनवेलच्या सासूबाई म्हणजे श्यामसुंदरांच्या बायकोची, मीनाची, सख्खी मावशी. तिथे बोललेला शब्द दुपारच्या आत पनवेलला पोचला असता.

"श्यामसुंदरांकडून फोन करतेस?" मधुकरराव दारात आडवे आले. "अगं, वीस दिवसांवर आलंय. पत्रिका वाटून झाल्या."

"पट्टी काढा म्हणून सांगणार आहे त्यांना."

"आणि पुन्हा होती तशी झाली तर?"

"खुर्ची आहे तिची ऑफिसात. तुम्ही तिच्याजवळ बसा. आज वार कुठला ते सांगत राहा."

मीनाने दार उघडलं. "या वहिनी, या! शालू घेतलात म्हणे?"

"मीना, मुंबईला फोन करायचाय." जयमालाबाईंनी रिसीव्हर उचलला. मीना रीतीप्रमाणे आत जायला वळली, तशा त्या म्हणाल्या, "जाऊ नकोस. इथेच बस आणि नीट ऐक."