कागदावरच्या दोन तारखा

सुट्टीवर न्हावऱ्याला आले की मी माझ्या फायलीला हात लावत नसे. त्या खेपेला लावला, कारण आप्पांना माझं लायसन बघायचं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूर डेपोत एसटी चालवून ते निवृत्त झालेत.

मी तेव्हा एका बेटांच्या देशात छोटी प्रवासी विमानं चालवत होते. लायसन भारताचं, विमानं मात्र त्या देशात नोंदलेली. अशा वेळी नुसतं आपलं लायसन पुरत नाही. विमान ज्या देशाचं, त्या देशानं ‘या पायलटचं लायसन आम्हाला मान्य आहे’ असा कागद द्यावा लागतो. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात.

“म्हंजी लायसन आपलं, पण बॅज त्यांचा,” आप्पा म्हणाले.

“व्हय, तसंच धरा.”

त्यांनी चष्मा वर सरकवून तो कागद उन्हात धरला. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण तारखा वाचायची सवय जुनी. “बाय, हितं दोन तारखा कशापायी?”

मी कागद घेतला. खाजगी उड्डाणासाठी तो वर्षअखेरपर्यंत चालणार होता. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती: भाडं घेऊन प्रवासी नेण्यासाठी मुदत माझ्या मेडिकलच्या, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या, तारखेपर्यंतच. आणि त्यात तारीख होती जुन्या मेडिकलची. मागच्या सुट्टीत पुण्यात मी मेडिकल वेळेआधीच नवं करून घेतलं होतं, म्हणून निर्धास्त होते. नव्याची नोंद त्या कागदावर करून घ्यायची राहिली होती. ती तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

सुट्टी लागून दहावा दिवस होता. म्हणजे शेवटच्या कामाच्या दिवशी मी उडाले तेव्हा मुदत संपलेली होती. पण त्या दिवशी मी प्रवासी नेले होते, की दुरुस्तीहून आलेलं रिकामं विमान आणलं होतं? काही केल्या आठवेना. त्या आठवड्यात दोन्ही केलं होतं. लॉगबुक, म्हणजे माझ्या उड्डाणांची नोंदवही, दौंडला ताईकडे होतं. तिनं बघायला घेतलं आणि मी तिथंच विसरून आले होते.

ताईला फोन लावला तर बंद; ती शाळेत शिकवत असणार. मग मी कंपनीच्या मॅनेजरला फोन केला. तो हिंदीत बोलायचा; आमच्या पाळ्या लावताना कागद तपासायचं कामही त्याचंच. सगळं ऐकून घेऊन तो हसला. “लायसन चालू, मेडिकल चालू, मग अडचण काय? सोमवारी ये. नवा कागद येईपर्यंत तुझी उड्डाणं खाजगी म्हणून दाखवू. मालकाचे पाहुणे म्हणून लिहायचं.”

“पण ते तिकीट काढून बसणार ना?”

“कोण विचारतंय?”

मी फोन ठेवला. त्या समुद्रावर काही झालं असतं तर विमा कंपनीनं पहिला हाच कागद मागितला असता. बसलेल्या माणसांना कुणी काय दिलं असतं?

“चल दौंडला,” आप्पा म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि माझ्या मागं मोटरसायकलवर बसले. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. एरवी मी कडेनं गाडी घातली असती. त्या दिवशी धीर झाला नाही, नुसता हॉर्न वाजवत राहिले. आप्पा मागून एवढंच म्हणाले, “दम खा. ट्रॉली काय पळून जात न्हाई, आन् तुजं पुस्तकबी.”

आम्ही पोचलो तेव्हा ताई नुकतीच शाळेतून आली होती. माझा चेहरा बघून तिनं आधी पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच लॉगबुकचं शेवटचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: एक फेरी, आठ प्रवासी.

मी खाली बसले. ताई म्हणाली, “एकच फेरी ना? कुणाला कळणार आहे? तू सांगितलंस तर नोकरी जाईल.”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, “सांगितलंस तर काय व्हतं, न्हाई सांगितलंस तर काय व्हतं, त्ये तुलाच ठावं. मला त्यातलं कळत न्हाई. पर परत उडताना तुला भ्या वाटता कामा नये.”

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी पत्र लिहिलं. एक प्रत त्या देशाच्या विमान खात्याला, एक कंपनीला. सोमवारी येणार नाही, हेही लिहिलं. मग पाठवायचं बटण दाबलं. मॅनेजरचा फोन तासाभरात आला. तो ओरडला नाही. “तू माझीही नोकरी घालवशील,” एवढं म्हणाला. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचे सात आठवडे मी न्हावऱ्यात काढले. व्यावसायिक उड्डाणाचा कागद नव्यानं द्यायचा तर तो देश आधी दिल्लीला, आपल्या विमान खात्याला विचारतो, हे लायसन खरं आहे का, चालू आहे का. दिल्लीचं उत्तर आल्याशिवाय पान हलत नाही. मी सकाळी आप्पांबरोबर डेअरीत दूध घालायला जायची. तिथं कुणीतरी हमखास विचारायचं, “सुट्टी लई मोठी हाय गं यंदा?” मी मान हलवायची आणि मोबाईल काढून मेल बघायची. कांद्याच्या वखारीत रेंज नाही, म्हणून मी तिकडं जायचंच टाळलं. परवाना कायमचा गेला तर काय करायचं, याच्या वाटा मनात इतक्यांदा चालून आले की झोपेतही तेच चालू असायचं.

शेवटी त्या देशाच्या विमान खात्याचं उत्तर आलं तेव्हा मी शिरूरला बसस्टँडवर उभी होते. दोनदा वाचलं. लेखी ताकीद दिली होती, ती माझ्या नोंदीत राहणार होती. त्या एका फेरीचे तास माझ्या उड्डाणाच्या तासांत धरले जाणार नव्हते. आपण होऊन कळवल्यामुळे पुढची कारवाई नव्हती, आणि नवं व्हॅलिडेशन सोबत जोडलं होतं. मॅनेजरची नोकरी राहिली, पण आमची पाळीपत्रकं बघायचं काम त्याच्याकडून काढलं गेलं. नंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी परत गेले. पहिल्या सकाळी विमानात बसण्याआधी फाईल उघडून सगळे कागद एकेक करून वाचले, मग पुन्हा वाचले. सोबतचा पायलट घड्याळाकडे बघत होता. मी त्याला थांबायला सांगितलं.