उटी उचलली, दगड राहिले

रामकिसन दुपारी ऑफिसात आला तेव्हा त्याच्या हातात उटी होती. उटी म्हणजे उभा ट्रक घसरू नये म्हणून चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. ती गाडीत राहते, ऑफिसात कुणी आणत नाही. त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्याडम, वाटूरच्या अलीकडं मोटारसायकलवाला गेला ना परवा. ते दगड माझे होते."

जालन्याच्या एमआयडीसीत आमचं ट्रान्सपोर्ट आहे. कारखान्यांची सळई आम्ही गावोगावच्या दुकानांत पोचवतो. मी डिस्पॅच बघते. कोणती गाडी कधी भरली, कुठं पोचली, कुठं अडकली, हे सगळं माझ्याकडं. त्यामुळं रामकिसनची गाडी त्या दिवशी वाटूरच्या अलीकडं बंद पडली होती, हे मला ठाऊक होतं. अपघाताची बातमीही मी वाचली होती. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी दार लावून घेतलं आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं.

भरलेल्या गाडीचा मागचा पाटा तुटला. पाटा म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी. रस्त्याच्या कडेला काळी माती, तिथं भरलेली गाडी उतरवली तर रुतणार. म्हणून ती अर्धी डांबरावरच राहिली. रामकिसननं सगळे ड्रायव्हर करतात तेच केलं. शेताच्या बांधावरचे मोठे दगड आणून गाडीच्या मागं ओळीनं मांडले आणि त्यात बाभळीची फांदी खोचली. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं, पुढं गाडी बंद आहे.

मिस्त्री आला, पाटा बदलेपर्यंत ऊन कललं. परतूरचा दुकानदार सारखा फोन करत होता. रामकिसननं उटी काढून केबिनमध्ये टाकली, गाडी सुरू केली आणि निघाला.

उटी हरवली की शेठ बोलतात. दगडांचं कुणी विचारत नाही.

अंधार पडल्यावर सुनील नावाचा तरुण वेल्डिंगचं दुकान बंद करून त्याच रस्त्यानं घरी निघाला होता. गाडी नाही, दिवा नाही, वाऱ्यानं फांदीही उडालेली. नुसते दगड. त्याची मोटारसायकल त्यांवर आदळली. तो जागेवरच गेला.

दुसऱ्या दिवशी रामकिसन रिकामी गाडी घेऊन परत येताना वाटूर फाट्यावर चहाला थांबला. चहावाल्यानं त्याला हे सांगितलं. कोण ट्रकवाला होता, त्याचं वाटोळं होईल, असंही म्हणाला. रामकिसननं चहा तसाच ठेवला.

मी त्याला घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एवढंच विचारलं, "तुला कोणी पाह्यलं का तिथं?"

"मिस्त्रीनं. पण दगड उचलले का न्हाई, ते त्याला काय माहीत."

"मंग कुणापाशी बोलू नको. घरी जा, चार रोज आराम कर."

रामकिसन गेल्यावर मी शेठकडं बघत राहिले. ते चिडले. "अशा नजरेनं बघू नका म्याडम. त्याला दोन पोरी आहेत. हा आत गेला तर त्यायला कोण बघणार? मेलेला परत येणार आहे का?"

हे खोटं नव्हतं. त्यांना स्वतःच्या परमिटची काळजी होती, हेही खोटं नव्हतं.

मी आमच्या वकिलांना फोन लावला. त्यांच्याकडून जे कळलं ते सोपं करून सांगते. पोलिसांनी मयताचाच निष्काळजीपणा लिहून कागद जवळजवळ बंद केले होते. आमच्या गाडीचं नाव कुठंच नव्हतं. अपघाताची खबर पोलिसांना देणं ड्रायव्हरवर बंधनकारक असतं, पण इथं अपघात झाला तेव्हा आमची गाडी परतूरला माल उतरवत होती. त्या नियमात हे बसतं की नाही, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतात. आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरच नाही.

"म्हणजे गप्प बसलं तर चालतं?"

"कायदा खोटं बोलू नका म्हणतो. तुम्हाला तर अजून कोणी विचारलेलंच नाही."

"आणि सुनीलच्या घरच्यांना काय मिळणार?"

"काही नाही. मोटारसायकलचा विमा संपलेला आहे असं ऐकतो. दुसरी गाडी असेल तरच तिच्या विम्यावर दावा लागतो. दुसरी गाडी कागदावर नाही."

"हे बरोबर आहे का वकीलसाहेब?"

"तो प्रश्न कायद्याचा नाही. त्याची फी मी घेत नाही."

घरी जाऊन भाजी चिरताना माझं बोट कापलं. मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय आहे, पण त्या संध्याकाळी कागदावर काही उतरेना. सांग म्हणावं तर तुरुंग त्याला, मला नाही. गप्प राहा म्हणावं तर सुनीलच्या बायकोचा हक्क माझ्या शब्दानं बुडतो.

शेवटी रामकिसनला फोन केला. सांगितलं तर काय होईल, नाही सांगितलं तर काय होणार नाही, दोन्ही बाजू समजावल्या. निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा लागेल. जामीन मिळेल. खटला चालेल, शिक्षाही होऊ शकते. लायसन्स जाऊ शकतं.

तो म्हणाला, "ब्रेक मारूनबी माणूस गेला असता तर म्हणलो असतो, त्याचं नशीब. पण म्याडम, दगड उचलायला काय लागतं?"

आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं फोन उचललाच नाही.

पुढच्या सकाळी जाफराबादजवळच्या त्याच्या गावाहून त्याच्या बायकोचा फोन आला. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि उजाडायच्या आत कुणाला न सांगता घरातून निघून गेला होता. "ताई, विहिरीवर बघून आले मी," ती म्हणाली. "तिथं न्हाईत." तिनं आधी विहीर पाहिली होती.

ऑफिसात मी त्या दिवशी एकही गाडी नीट लावली नाही. ज्या ज्या ड्रायव्हरचा फोन आला त्याला रामकिसन दिसला का, हेच विचारत होते. दुपारी वाटूरच्या बाजूनं येणाऱ्या एकानं सांगितलं, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलाय.

तो सकाळपासून तिथं बसून होता. त्याचं कुणी ऐकूनच घेत नव्हतं. कागद मिटले आहेत, कशाला उकरतो, घरी जा, असं त्याला दोनदा सांगून झालं होतं. तो उठत नव्हता. शेवटी साहेबांनी गाडीचे कागद मागवले.

शेठनी फाईल माझ्या हातात दिली. "जा तुम्हीच. विचारतील तेवढंच सांगा."

ठाण्यात साहेबांनी आधी माझ्याकडून कागद तपासून घेतले. मग रामकिसनचा जबाब लिहायला घेतला. दगड कुठून आणले, किती लांब ठेवले, उचलले का नाहीत. तो मान खाली घालून उत्तरं देत होता. मग साहेबांनी विचारलं, "दगड कशाला ठेवले? गाडीत त्रिकोण न्हवता का?"

हा त्रिकोण म्हणजे लाल चमकणारा फलक. प्रत्येक ट्रकमध्ये तो असावाच लागतो. गाडी बंद पडली की मागं उभा करायचा, निघताना घडी करून ठेवायचा.

रामकिसन गप्प. तो शेठना वाचवत होता, हे मला समजलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

आता मात्र मला विचारलं गेलं होतं.

आमच्याकडं त्रिकोण होता. एकच. ड्रायव्हर हरवतात म्हणून तो शेठच्या केबिनमधल्या कपाटात कुलपात असायचा. कोणत्याही गाडीचं आरटीओत पासिंग असलं की तेवढ्यापुरता तो त्या गाडीत जायचा आणि पासिंग झालं की परत यायचा. 'पासिंगचा सेट' असंच त्याला म्हणत. सगळ्या गाड्या त्या एका त्रिकोणावर पास झालेल्या. आजूबाजूच्या ट्रान्सपोर्टमध्ये हीच पद्धत होती, त्यामुळं कुणाला यात वावगं वाटत नसे.

"आहे साहेब," मी म्हणाले. "ऑफिसात आहे."

"गाडी रस्त्यावर अन् त्रिकोण ऑफिसात?"

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली. सही करताना नोकरीचा विचार मनात आला, हे कबूल करते.

शेठ बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत, चिठ्ठी पाठवायचे. नोकरी मात्र राहिली. मला वाटतं, माझ्याइतक्या गाड्या तोंडपाठ असलेला माणूस त्यांना लगेच मिळाला नसावा.

रामकिसनवर गुन्हा दाखल झाला. सुनीलच्या घरच्यांनी दावा लावला. विमा कंपनीचा वकील म्हणाला, गाडी जागेवर नव्हतीच, मग हा गाडीचा अपघात कसा? विमा कंपनी सुटली तर पैसे शेठना भरावे लागणार, म्हणून आमचे वकील म्हणाले, दगड चालत आले नव्हते. तारखा पडत गेल्या आणि शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. सुनीलच्या बायकोच्या आणि मुलाच्या नावे विम्याची रक्कम मंजूर झाली.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारात सुनीलचे वडील रामकिसनसमोर येऊन उभे राहिले. मी शेजारीच होते. मला भीती वाटली, आता हात उचलतात की काय. सुनीलची बायको लांब निंबाखाली बसलेली. तिनं आमच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

"लोक म्हणत होते, पोरगं पिऊन होतं," म्हातारा म्हणाला. "मीबी तसंच समजून चाल्लो होतो. अग्नी देताना मी मनातून त्याला शिव्या देल्त्या."

रामकिसन हात जोडायला गेला.

"न्हाई. माफ केलं असं म्हणत न्हाई मी," म्हातारा म्हणाला. "पण तू सांगितलं, ते बरं केलं."

आणि तो निंबाकडं निघून गेला.

रामकिसनचा खटला अजून चालू आहे. लायसन्स काही काळ गेलं होतं, तेव्हा तो यार्डात गाड्या भरायला होता. आता परत चालवतो. गावाहून तारखेला येतो, कोर्टातून थेट ड्युटीवर.

आमच्या प्रत्येक गाडीत आता त्रिकोण आहे. ते हरवतात. शेठ कुरकुरतात, मी नवे मागवते. पण दगड ठेवायची सवय त्रिकोणानं जात नाही, हे मला कळून चुकलंय. म्हणून बंद पडलेली गाडी सुरू झाल्याचा फोन आला की मी आधी एकच विचारते, "मागं काय राह्यलं?"

परवा एक जण म्हणाला, "बायको राह्यली म्याडम, गावाकडं."

"आणि दगड?"

तिकडून केबिनचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग चप्पल वाजली. मी फोन कानाला धरून बसले. तो परत येईपर्यंत ठेवला नाही.