सासूबाईंचा टिकाऊ ओपनर

आमच्या धायरीच्या घरात ओट्याखालचा एक ड्रॉवर निकामी ओपनरांसाठी राखून ठेवलेला होता. एकाची चावी फिरायची पण चाक फिरायचं नाही, दुसऱ्याचं चाक फिरायचं पण डबा जागचा हलायचा नाही, तिसरा नुसताच वाकलेला होता. सासूबाईंनी त्यातला एकही टाकून दिला नव्हता. "पुरावे आहेत ते," असं त्या म्हणायच्या. जगात आता टिकाऊ वस्तू बनत नाहीत, आणि ओपनर तर मुळीच नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचा जन्म पेठेतला आणि धायरीला येईपर्यंतचं सगळं आयुष्यही तिथेच गेलं. धायरीला त्या अजूनही "गाव" म्हणतात. मी अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा त्या मला रागावतात की माझं कौतुक करतात, हे मला बराच काळ कळत नसे. पुढे लक्षात आलं, की त्या दोन्हींसाठी एकच सूर वापरतात.

त्या हिवाळ्यात माझे बाबा महिनाभर राहायला येणार होते. व्याही पहिल्यांदाच इतके दिवस राहणार, तेव्हा आमरस-पुरीचा बेत झालाच पाहिजे, असं सासूबाईंनी ठरवलं. जानेवारीत आंबा कुठून आणणार? म्हणून त्यांनी मार्केट यार्डातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून हापूसच्या रसाच्या डब्यांची अख्खी पेटी आणवली. पेटी घरात आल्यावर नवऱ्याला ड्रॉवरची आठवण झाली. त्याने एक संध्याकाळ मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचण्यात घालवली आणि एक जाडजूड ओपनर मागवला.

"आयुष्यभराची गॅरंटी आहे, आई."

"कुणाच्या आयुष्याची?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने लगेच आटवलेल्या दुधाचा एक डबा उघडून दाखवला. सुरेख उघडला. सासूबाईंनी कापलेलं झाकण उलटसुलट करून पाहिलं.

बाबा आले. दुसऱ्या दिवशी पुऱ्यांची कणीक भिजली आणि सासूबाईंनी रसाचा डबा ओट्यावर घेतला. ओपनर लावला, दाबला, चावी पिरगाळली. चाक डब्याच्या काठावरून घसरलं. पुन्हा लावला, पुन्हा घसरलं. मग त्यांनी असा काही जोर केला, की चावीच तुटून हातात आली. डब्याला झाकणाच्या कडेला चंद्रकोरीएवढी फट पडली होती, बस्स.

"आयुष्य संपलं याचं," त्या म्हणाल्या आणि तो ओपनर ड्रॉवरमध्ये इतरांशेजारी नेऊन ठेवला.

"आणा जी इकडे, मी पाहून देतो," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मागून घेतला आणि खलातला बत्ता उचलला. पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्या ठोक्याला त्या फटीतून रसाची जी चिळकांडी उडाली, ती बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याला वळसा घालून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आठवडाभरापूर्वीच रंगवून घेतलेल्या भिंतीवरून रस सावकाश खाली ओघळू लागला.

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "भिंतीचं जेवण झालं," त्या म्हणाल्या. "आता माणसांचं बघू."

डब्यात उरलेला रस सगळ्यांना पुरला, पण पेटीतले बाकीचे डबे जागच्या जागी होते. शनिवारी आपण स्वतः रविवार पेठेत जाऊन ओपनर आणायचा, असं सासूबाईंनी जाहीर केलं. नवऱ्याला त्या शनिवारी अचानक ऑफिसचं काम निघालं. मी, सासूबाई आणि बाबा असे तिघे निघालो. सासूबाईंच्या कापडी पिशवीत काहीतरी जड होतं. काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भांड्यांच्या दुकानात मालक पेपर वाचत बसले होते. आमच्याकडे न बघताच त्यांनी भुवया उंचावल्या.

"टिकाऊ ओपनर दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

"किती टिकायला हवा?"

"मी असेपर्यंत."

मालकांनी पेपर खाली घेऊन सासूबाईंकडे नीट पाहिलं, मग समोरच्या साध्या ओपनरकडे गेलेला हात मागे घेतला आणि वरच्या फळीवरचा महागातला काढला.

सासूबाईंनी पिशवीतून रसाचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"हे काय?"

"परीक्षा."

"इथे डबे उघडून मिळत नाहीत."

"मग हा उघडतो हे मी कशावरून मानायचं? आपल्या चेहऱ्यावरून?"

बाजूला कुकरची शिट्टी घ्यायला आलेल्या दोन बायका खरेदी विसरून सरकून उभ्या राहिल्या. मालकांनी ओपनर पुढे केला. सासूबाईंनी लावला, फिरवला. घसरला. मालकांनी तो त्यांच्या हातातून घेतला, स्वतः लावला आणि बोटभर झाकण लोण्यासारखं कापून दाखवलं. सासूबाईंनी परत घेतला. परत घसरला.

"तुमच्या हातात चालतो ना? मग तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या.

"बाई, दोष ओपनरचा नाही."

"मग माझा आहे?"

मालकांनी पेपर पुन्हा उचलला. पुण्यात याचा अर्थ 'हो' असा होतो. मी तिथून निघायचा विचार करत होते, तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला.

"विहीणबाई, राग मानू नका. मी मघापासून पाहून राहिलो. तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

सासूबाईंनी डावा हात पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "जेवते उजव्या हातानं."

"ते खरं आहे. पण परवा पुऱ्या तळताना झारा डाव्या हातात होता. आता चावीही डाव्याच हातानं फिरवून राहिल्या." बाबा शाळेत मास्तर होते, हस्तकलेचा तास त्यांच्याकडे असायचा. "आमच्याकडे काही पोरांना कैची चालतच नसे. कागद कापायच्याऐवजी चुरगळायचा. पोरांना वाटे आपण ढ आहोत. कैची उजव्या हाताची असे, एवढंच."

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून स्वयंपाक करत होते. त्यांचा डावा हात मला रोज दिसायचा, म्हणूनच बहुधा कधी दिसला नाही.

"लहानपणी आईनं फूटपट्टी मारून मारून सोडवली होती सवय," सासूबाई ओपनरकडे बघत म्हणाल्या. "जेवणाची आणि लिहिण्याची सुटली. बाकीची तिच्या नजरेतून सुटली असणार." मग एकदम बाबांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ड्रॉवरमधले सगळे ओपनर चांगले होते?"

"चांगले होते ना. उजवे होते."

"उजवे कसले? उजव्यांचे होते." मग मालकांना, "डावऱ्यांचा ओपनर दाखवा."

"डावऱ्यांचं दुकान वेगळं असेल. मला माहीत नाही." पण ते उठले. शिडी लावून माळ्यावर गेले, तिथे बराच वेळ खुडबुड केली आणि धुळीने भरलेली एक वस्तू घेऊन उतरले. जाड पोलादाची पट्टी, टोकाला वाकडा दात, मागे लाकडी मूठ. चाक नाही, चावी नाही, स्प्रिंग नाही. "दात टोचायचा, मूठ उचलायची, पुढे सरकायचं. डावीकडून जा नाहीतर उजवीकडून. हल्ली कुणी विचारत नाही."

"मोडतो का?"

"मोडायला त्यात आहे काय?"

सासूबाईंनी डाव्या हातात मूठ धरली. दात टोचला, मूठ उचलली, पुढे सरकल्या. करकर आवाज करत झाकण गोल कापलं गेलं. कडा करवतीसारखी निघाली, पण डबा उघडला. कुकरच्या शिट्टीवाल्या बायकांपैकी एकीने "अगंबाई" म्हटलं.

आता रविवार पेठेत भर दुपारी, काउंटरवर, उघडा रसाचा डबा. झाकण लावता येईना, गाडीतून न्यावा तर सांडणार. सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. वाट्यांची कमी नव्हती.

"वापरलेली वाटी विकत घ्यावी लागेल," मालक म्हणाले.

"द्या सहा. एक तुमच्यासाठी धरून."

आम्ही तिघं, त्या दोन बायका आणि मालक, अशा सगळ्यांनी उभ्याउभ्या रस खाल्ला. मालकांनी पहिला घोट जिभेवर घोळवला.

"हापूस नाही हा निव्वळ. तोतापुरी आहे यात."

"डब्यावर हापूस लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

"लिहिलेलं मीही रोज वाचतो," ते पेपरकडे बोट दाखवत म्हणाले, आणि वाटी बोटाने पुसून लख्ख केली.

परत येताना सासूबाई मागच्या सीटवर मांडीवर वाट्या घेऊन बसल्या होत्या. सिंहगड रोडच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्यांनी बाबांना विचारलं, "त्या पोरांचं पुढे काय केलंत? कैचीवाल्या?"

"शहरातून डाव्या हाताच्या दोन कैच्या आणल्या. मग त्याच पोरांचे आकाशकंदील सगळ्यात चांगले व्हायला लागले."

सासूबाईंनी यावर मान हलवली.

पुढचा आठवडाभर घरात चौकशी बसली. प्रत्येक वस्तू सासूबाईंनी हातात घेऊन तपासली. कैची, उजव्यांची. चोच असलेली पळी, उजव्यांची. मिक्सरचं बटण, फ्रीजचं दार, सोलाणं, सगळी उजव्यांची. नवरा जेवताना चेष्टेने म्हणाला, "मग काय आता, सगळं घर उलटं करायचं?"

"सगळं नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "ओटा पुरे."

त्याने हसत बाबांकडे पाहिलं. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच प्लंबरला आणि गॅसवाल्याला बोलावून आणलं. शेगडी खिडकीकडे गेली, बेसिन आणि नळ शेगडीच्या जागी, मिक्सर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, मसाल्याचा डबा आणि मिठाची बरणी पलीकडच्या फळीवर. महिना संपला तेव्हा बाबा अमरावतीला गेले. जाताना सासूबाईंनी पेटीतले दोन डबे त्यांच्या बॅगेत घातले आणि वर सांगितलं, "तोतापुरी आहे. उगाच हापूस समजून खाऊ नका."

पेटीतले उरलेले डबे त्यांनी एकामागून एक उघडले. काम नसलं तरी उघडायच्या. उन्हाळा येईपर्यंत आम्ही रसाच्या वड्या, रसाचं आइस्क्रीम आणि एकदा तर रसाची कढीसुद्धा खाल्ली. ओपनरला काहीही झालं नाही.

मला मात्र त्या ओट्याची सवय होईना. परवा भाजी फोडणीला टाकली आणि मिठासाठी हात लांबवला तो नळावर आपटला. मी बोटं चोळत उभी राहिले.

"होते सवय," सासूबाई म्हणाल्या. "मला झाली होती."

आणि डाव्या हाताने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.