फडकं काढलं का?

घोडेगावच्या बाजारात मी एका म्हशीचे दात बघत होतो, तेव्हा आमच्या कारखान्याला ऊस आणणारा एक ट्रक ड्रायव्हर गर्दीतून माझ्याकडे येताना दिसला. माणूस बरी बातमी आणतोय की वाईट, हे त्याच्या पायांवरून कळतं. हा पाय ओढत येत होता. नाक्यावरच्या बूथवरून त्यानं कारखान्यात फोन लावला होता, तिथं त्याला कळलं होतं. म्हणाला, "तात्या, बॉयलरवर वाफ सुटली. भालेराव साहेब भाजलेत. नगरला आणलंय त्यांना." मी बाकीच्यांचं विचारलं. बाकीच्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. म्हशीचं दावं माझ्या हातात होतं, ते मी कुणाच्या हातात दिलं हे आजही आठवत नाही.

घोडेगावाहून नगर जवळ. दवाखान्यात पोचलो तर त्याची बायको सुनीता बाहेर बाकावर बसलेली, आई राहात्याहून अजून यायची होती. मला आत सोडलं. सगळं अंग पांढऱ्या पट्ट्यांत, तोंड तेवढं उघडं. माझी चाहूल लागली तसे त्यानं डोळे उघडले. मला वाटलं पाणी मागेल, आईचं विचारेल... तो म्हणाला, "तात्या, फडकं काढलं का?"

मी पहाटेच घर सोडलेलं, त्या दिवशी कारखान्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. मला फडक्याचं काय ठाऊक? तरी मी म्हणालो, "काढलं." त्यानं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

याला आता महिना होऊन गेला. त्या फडक्याची गोष्ट जो तो आपापल्या परीनं सांगतोय. कुणी म्हणतं साहेबांचीच चूक, कुणी म्हणतं कॉम्प्युटरनं माणूस खाल्ला. म्हणून मी लिहायला बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, ज्याला खटकेल त्यानं पान उलटावं. पण सगळं आयुष्य मी त्या बॉयलरपुढं काढलंय आणि मिलिंदला माझ्याइतकं तिथं कुणी ओळखत नव्हतं.

मिलिंद भालेराव राहात्याचा. बाप आमच्याच कारखान्यात उसाच्या गाड्या खाली करायचा. बौद्ध वस्तीतला हा पहिला इंजिनियर. कामगारांना शिकवायचा अधिकारी म्हणून तो आला, तेव्हा त्याला एक कॉम्प्युटर मिळाला आणि बॉयलर घराच्या समोरची, पूर्वी रिकामी पोती ठेवायची ती खोली. खोलीला पुढं ओटा, ओट्यावर पत्रा. लोक हसले. म्हणाले, पोती गेली आन् डबा आला. मीही त्याला डबाच म्हणायचो. मी त्याला बोलून दाखवलं होतं, की मी या डब्याला हात लावणार न्हाई, मला शिकवायचं असंल तर बॉयलरपुढं ये. तो खरंच आला. एक आख्खा हंगाम टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून माझ्यामागं फिरला. पंप कसा घरघरतो, वाफ कशी फुसफुसते, भट्टी सांभाळणारा फायरमन उसाचा चोथा आत सोडताना काय बघतो, सगळं टेप करायचा. मी शिव्या दिल्या तर त्याही टेप व्हायच्या. रात्री घरी बसून त्याचे धडे करायचा. आधी काय दाखवायचं, मग काय विचारायचं, कुठं माणूस चुकेल, चुकला तर त्याला कुठं परत न्यायचं... मला वाटायचं शिकवणं म्हणजे सांगणं. तो म्हणायचा, सांगून कुणी शिकत नाही, आधी चुकू द्यायचं.

"कॉम्प्युटरवर बॉयलर फुटला तर कुणी मरत नाही तात्या," तो एकदा म्हणाला. "म्हणून तिथं फोडू द्यायचा."

"जिथं मरत न्हाई तिथं भ्या न्हाई," मी म्हणालो. "आन् बिगर भ्याचा माणूस बॉयलरपुढं उभा करू नगं."

तो हसला नाही. विचार करत राहिला. माझं बोलणं मनावर घेणारा तो एकच अधिकारी मी पाहिला, आणि आता वाटतं, नसतं घेतलं तर बरं झालं असतं. कारण ते भय कसं आणायचं, याच्यामागं तो लागला, आणि ते त्याला भोंग्यात सापडलं.

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉयलरच्या वर पाण्याची टाकी असते, तिला ड्रम म्हणतात. ड्रममधलं पाणी फार खाली गेलं की भोंगा आपोआप वाजतो. तो वाफेवर चालतो, त्याला वीज लागत नाही. तो वाजला की पहिलं काम आग मारायची. घाबरून गार पाणी आत सोडायचं नाही, तापलेल्या नळ्या फुटतात आणि माणसं शिजतात. मला ज्या उस्तादांनी घडवलं, त्यांच्या हाताखाली बॉयलर घरात शिट्टी मारायला बंदी होती. तरुणपणी मी एकदा गमतीत तोंडानं भोंग्याचा आवाज काढला, तर त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. भोंग्याची नक्कल करायची न्हाई, ही आमच्यातली रीत. का, ते कुणी विचारत नव्हतं.

मिलिंदनं तोच भोंगा टेप केला. वर्षातून एकदा तपासणीला वाजवतात तेव्हा. आणि सातव्या धड्यात घातला. धडा चालू असताना मध्येच, न सांगता भोंगा वाजायचा आणि पडद्यावर प्रश्न यायचा: भोंगा वाजला आहे, तुम्ही आधी काय कराल? बरोबर उत्तर दिलं की मिलिंदचाच आवाज यायचा, "शाबास. आता उठा, दुसऱ्याला बसू द्या." कॉम्प्युटर एकच, शिकणारे पाळीभर, म्हणून ते वाक्य. मिलच्या घरघरीत त्या डब्याचा आवाज ऐकू येईना, आणि निम्मी माणसं तर ओट्यावर बसायची. मग पोरांनी युक्ती काढली. जयंतीला आणि गणपतीला लागतो तो ॲम्प्लिफायर आणला, कर्णा ओट्याच्या खांबाला बांधला, बॉयलर घराकडं तोंड करून. पहिल्या दिवशी तो वाजला आणि मी आधी ड्रममधलं पाणी बघायला धावलो. इतका खरा. फायरमन हातातलं टाकून धावले. मिलिंद ओट्यावर उभा राहून बघत होता, चेहरा असा उजळला होता त्याचा...

मी तिथंच त्याला म्हणालो, ही रीत न्हाई. तो म्हणाला, "तात्या, तुम्ही लांडगा आला रे आलाची गोष्ट सांगताय."

"व्हय, तीच. त्या गोष्टीत लांडगा शेवटाला येतोच."

पुढं रोज वर्ग, रोज भोंगा. पहिल्यांदा माणसं धावायची, मग नुसती उभी राहायची, मग बसल्या जागी हसायची. दिवाळीनंतर एकदा मी ड्रमचं पाणी दाखवणाऱ्या काचेत बघत होतो आणि भोंगा वाजला. मी वळून पाहिलं. एकाचीही मान हलली नव्हती. रावसाहेब नावाचा आमचा फायरमन बशीत चहा ओतत होता, बशीतला चहासुद्धा हिंदकळला नाही. मला म्हणाला, "बसा की तात्या, साहेबांचा वर्ग हाय." काचेत पाणी जागेवर होतं. वर्गच होता. पण माझे हात गार पडले, एवढ्या आगीपुढं.

मी तसाच ओट्यावर गेलो आणि सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, की तू माणसं शिकवली न्हाईस, बहिरी केलीस. त्यानं डबा बंद केला. वर्ग तिथंच मोडला. दुसऱ्या दिवशी सुनीताच्या जुन्या लाल साडीचं एक फडकं घेऊन आला आणि ओट्याच्या खांबावर खिळा ठोकला. सगळ्यांना बोलावून म्हणाला, "लाल दिसलं तर भोंगा माझा. लाल नसेल तर भोंगा खरा, उठून पळायचं." वर्ग सुरू करताना फडकं लावायचा, संपला की आधी फडकं काढायचा, मग कॉम्प्युटर बंद करायचा. कानाला लावून ऐकायची यंत्रं त्यानं पुण्याहून मागवली होती, त्या कागदावर कोणत्या तरी साहेबाची सही राहिली होती. ती आली की कर्णाच उतरवतो म्हणाला.

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, "माणसानं लावायचं ते माणसाच्या हातानं राहूनबी जातं."

"हंगाम संपेपर्यंत तात्या. तेवढं सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेतलं म्हणजे काय, तर रोज पाळी सुरू व्हायच्या आधी त्या खांबाकडं बघू लागलो. फक्त मीच नाही, सगळेच. आणि तेच मला डाचायचं. आमच्या उस्तादांनी आम्हाला पाण्याच्या काचेकडं बघायला शिकवलं होतं, आता माणसं भोंगा ऐकून समोरच्या फडक्याकडं बघत होती. थंडीच्या दिवसांत ते फडकं वाऱ्यानं खांबाला गुंडाळलं जायचं, उलगडायचं. मला ते बघवायचं नाही.

घोडेगावला निघायच्या आदल्या दिवशी मी रजा सांगायला त्याच्या खोलीत गेलो. नव्या धड्याचं काही करत होता. म्हणाला, तात्या, म्हैस दूध देणारी घ्या, तुमच्यासारखी लाथ मारणारी नको. मी म्हणालो, लाथा खाऊनच तू शिकलास. तेच आमचं शेवटचं धड बोलणं.

त्या दिवशी काय झालं ते रावसाहेबानं मला सांगितलं, रडत नव्हता, नुसता जमिनीकडं बघून सांगत होता. सकाळचा वर्ग चालू होता, फडकं खिळ्याला होतं. मध्येच वीज गेली. खोलीतला डबा बंद पडला, कर्णा मुका झाला. वीज आत्ता येईल म्हणून मिलिंदनं माणसांना ओट्यावर बसवून ठेवलं, आणि फडकं तसंच राहिलं. ज्या लाइनीवर ती खोली होती त्याच लाइनीवर बॉयलरला पाणी देणारा पंप होता. तोही बंद पडला, मिलच्या घरघरीत ते कुणाला कळलं नाही. भट्टीला हवा देणाऱ्या पंख्यांची लाइन वेगळी, त्यामुळं आग तशीच पेटलेली. ड्रममधलं पाणी उतरत गेलं. आणि भोंगा वाजला...

रावसाहेबानं वर पाहिलं. लाल फडकं दिसलं. त्यानं चहा घेतला.

ओट्यावरच्यांना वाटलं वीज आली, बंद कॉम्प्युटरपुढं बसलेल्या मिलिंदला मात्र कळलं. सगळ्या कारखान्यात त्या क्षणी त्या एकट्यालाच ठाऊक होतं, की हा भोंगा त्याचा नाही. ओट्यावरच्यांनी सांगितलं, साहेब खुर्ची पाडून उठले आणि धावत सुटले. ओरडत होते, "माझा न्हाई! भोंगा माझा न्हाई!" कधी अशुद्ध न बोलणारा माणूस आपल्या आईच्या बोलीत ओरडत होता. त्याच्या ओरडण्यानं रावसाहेब उठला, दुसरे उठले, आणि मग मात्र सगळ्यांनी सातवा धडा जसाच्या तसा केला. हे मी मान खाली न घालता लिहितो, कारण ते खरं आहे. कुणी पाण्याला हात लावला नाही. पंखे बंद केले, माणसं बाजूला काढली. चोथा सोडायची झाकणं हातानं ओढून बंद करायची असतात, ती भट्टीच्या तोंडाशी. तिथं मिलिंद सगळ्यांच्या आधी पोचला होता. शेवटचं झाकण ओढत असताना आत एक नळी फुटली आणि वाफ भट्टीच्या दारातून बाहेर आली. बॉयलर राहिला. पाळीतली सगळी माणसं घरी गेली.

राहात्याला त्याच्या वस्तीत आम्ही गेलो तेव्हा त्याची आई पांढऱ्या साडीत बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "तात्या, तो शेवटाला काय बोलला?" मी सांगितलं, कामाचं बोलला. ती म्हणाली, बापावर गेला.

कारखान्यात परतलो तर फडकं खिळ्यावरच होतं. पोलीस येऊन गेले, साहेब लोक येऊन गेले, सगळे त्याच्याखालून गेले, पण हात कुणी लावला नव्हता. मी त्याला नगरला सांगून आलो होतो की काढलं. ते खरं काढलं ते या दिवशी, आणि खिशात ठेवलं. खिळाही उपटला. कर्णा पोरांनी उतरवला, तो आता गणपतीलाही लावायचा नाही असं ठरलंय.

खोली बंद होती. गेल्या आठवड्यात कानाची ती यंत्रं पुण्याहून आली, खोक्यावर त्याचं नाव. वर्ग पुन्हा सुरू करावा की नाही यावर साहेब लोकांत वाद चालला होता. माणसं म्हणत होती, त्या खोलीत आम्ही पाय ठेवणार न्हाई. मी कुणाला विचारलं नाही. किल्ली घेतली, पाळी सुटल्यावर सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, मी बसतो, मग बघू कोण बसत न्हाई. कॉम्प्युटरवाल्या पोरानं डबा चालू केला. मिलिंदनं तो असा केलेला, की जिथं थांबलो तिथूनच धडा पुढं निघावा. मी त्याच्या खुर्चीत बसलो. यंत्र कानाला लावलं. भोंगा वाजला, फक्त माझ्या कानात. बाहेर कुणालाच ऐकू गेला नाही. ओट्यावर इतकी माणसं, आणि तो फक्त माझ्या डोक्यात वाजत होता... पडद्यावर प्रश्न आला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्याला हात लावला. आग मारा, या उत्तरावर बोट दाबलं.

"शाबास," मिलिंद म्हणाला. "आता उठा, दुसऱ्याला बसू द्या."

मी थोडा वेळ उठलोच नाही. मग कानातलं काढलं आणि रावसाहेबाकडं धरलं. त्यानं ते घेऊन कानाला लावलं. तो बसला. मी ओट्यावर आलो, खांबावरच्या खिळ्याच्या भोकाकडं पाहिलं, आणि खिशात हात घालून फडकं आहे ना ते चाचपलं. आत रावसाहेब एकदम ताठ झाला. त्याच्या कानात भोंगा वाजला होता.