सिन्नरवाले आणि आम्ही

फुटबॉलमध्ये कधी कधी पूर्ण मॅच पळून एकही गोल होत नाही. किस्सा मात्र होतोच! आमच्या नाशिक रोडच्या क्लबमध्ये आता इतके किस्से साठलेत, की नवीन पोरगा आला की त्याला आधी पास शिकवायचा की किस्से ऐकवायचे, हाच प्रश्न पडतो. मी या क्लबचा जुना गोलकीपर. गुडघे गेले, मग सेक्रेटरी झालो. कारण मीटिंगला वेळेवर मी एकटाच आलो होतो!

आमचं मैदान एकलहऱ्याच्या बाजूला. कॉर्नर मारायला उभं राहिलं की समोर वीज केंद्राच्या चिमण्या. मॅच संपली की टपरीवर चहा आणि ठरलेला वाद: मोठा क्लब कोणाचा, आपला की सिन्नरचा? जिंकलेल्या कपांवर जायचं तर प्रश्नच नाही, सिन्नरवाले मोठे. तरी वाद काही मिटत नाही.

*

सिन्नरवाल्यांकडे स्वतःची बस. तिच्यावर क्लबचं नाव रंगवलेलं. आम्ही जायचो शेअर जीपने. एकदा जीपवाला अडून बसला. "दोन सीटा रिकाम्या हायेत. भरल्याशिवाय गाडी हलायची नाय!"

शेवटी एक टोपीवाले आजोबा आणि मेथीच्या जुड्या घेतलेल्या एक आजी आमच्यात कोंबले गेले. उशीर झाला होता, म्हणून जीप थेट मैदानावर घेतली. आमच्या मागोमाग तेही दोघं उतरले.

सिन्नरचे मॅनेजर आव्हाड साहेब दारातच उभे होते. कडक इस्त्री, गॉगल. त्यांनी आमच्या कोचना विचारलं, "खैरनार सर, हे कोण?"

खैरनार सर शाळेत पीटी शिकवतात आणि हसत नाहीत. ते म्हणाले, "आमचे सपोर्टर्स."

दोघं खरंच बसले, शेवटपर्यंत! आम्ही सपाटून हरलो. निघताना आजींनी मेथीची एक जुडी सरांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पोरं गुणाची हायेत. जरा खाऊ घालत जा!"

*

शहरात एक क्लब आहे, त्यांना टर्फची सवय. त्यांचा कीपर पहिल्यांदा आमच्याकडे आला तो नवेकोरे ग्लोव्हज घालून. जमिनीतले खडे बघून मला म्हणाला, "दादा, इथे डाइव्ह कशी मारायची?"

मी म्हटलं, "विचार न करता."

हाफटाइमला त्याचं कोपर सोललेलं. मीच औषध लावून दिलं. पुढच्या रविवारी बघतो तर पठ्ठ्या एकटाच आमच्या प्रॅक्टिसला हजर!

"काय रे, टर्फ सोडून इकडे?"

"तिकडे बॉल अडवला की कोणाला कळतसुद्धा नाही, दादा. इथे सगळे आपल्याबरोबर कळवळतात."

*

आता संजूचं सांगतो. संजू आमचा लेफ्ट विंगर. बॉल पायात आला की समोरचा माणूस नुसता बघत राहायचा. वडील तो लहान असतानाच गेले. आई, मंदाकाकू, कॉलनीत ब्लाउज शिवायच्या. मुलाच्या प्रत्येक मॅचला यायच्या, लिंबाखाली बसायच्या. ऑफसाइड त्यांना कधी कळला नाही. "पुढं गेला तर बिघडलं काय? पुढंच जायचंय ना?" असं रेफरीला ऐकवायच्या.

एका फायनलला, सिन्नरमध्ये, सिन्नरच्याच विरुद्ध, संजूने गोल केला. शिट्टी वाजली, गोल दिला गेला. आम्ही एकमेकांच्या अंगावर उड्या मारतोय आणि संजू मात्र जागेवर उभा. सर लाइनवरून ओरडले, "संजू, हात लागला का?"

संजूने मान डोलावली. सर मैदानात गेले आणि रेफरीला म्हणाले, "हा गोल आमचा नाही."

नंतर सिन्नरने गोल केला आणि कप तिथेच राहिला. परतताना मोहदरी घाटात जीपमध्ये मीच म्हणालो, "सर, कप हातात आला होता."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणला असता तर या पोराला रोज त्याच्याकडे बघावं लागलं असतं."

*

त्या मॅचनंतर आव्हाड साहेबांनी संजूला निरोप धाडला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात नोकरी. कायमची. वर काही बोलले नव्हते, पण अर्थ सगळ्यांना कळत होता. नोकरी सिन्नरची, जर्सीही सिन्नरची.

संजू सरांकडे आला. सर म्हणाले, "आईचे डोळे दुखतात हल्ली शिवताना. जा तू."

संजू आव्हाड साहेबांना भेटायला गेला, मी सोबत होतो. हात जोडून म्हणाला, "साहेब, नोकरी हवी आहे. पण खेळेन मी नाशिक रोडकडूनच. चालणार नसेल तर तसं सांगा."

मला वाटलं, संपलं! साहेबांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला.

"नोकरी मी पोराला दिलीय, विंगरला नाय. सोमवारी कामावर ये." आणि आम्ही दारापर्यंत पोचल्यावर मागून आवाज आला, "रविवारी मात्र तुला बघून घेतो!"

संजूने पहिल्या पगारात आईला चष्मा केला.

*

याच्या पुढचं मी टपरीवर सांगत नाही.

ड्युटी संपवून संजू मोटरसायकलवर घरी येत होता. सिन्नरच्या रस्त्यावर ट्रकची धडक बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी सिन्नरची बस येऊन थांबली. टीम खाली उतरली, साध्या कपड्यांत. आव्हाड साहेब सगळ्यात मागे. काकूंच्या समोर आल्यावर त्यांनी हात जोडले. "मी नोकरी दिली नसती तर..." एवढंच म्हणाले.

काकूंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "साहेब, फार खुशीत होता तो."

खैरनार सरांनी आव्हाड साहेबांचा हात धरला आणि स्मशानापर्यंत सोडला नाही. त्याआधी ते दोघं मॅच सोडून कधी एक शब्दही बोलले नव्हते.

*

आणि हा शेवटचा.

पुढच्या मोसमात सिन्नरवाले आमच्या मैदानावर आले. मंदाकाकूही आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आल्या आणि लिंबाखाली बसल्या. संजूच्या जागेवर नवा मुलगा खेळत होता, त्याच्याकडे बघत होत्या की नव्हत्या, देव जाणे.

सिन्नरचा राइट बॅक होता गोरख. दांडगा गडी. संजूसमोर कायम तोच असायचा. संजूला त्याने जितकं पाडलं तितकं कोणीच पाडलं नसेल. त्या दिवशी मात्र त्याच्या पायात जीव नव्हता. आमचा नवा पोरगाही त्याला सहज चकवत होता.

हाफटाइमला गोरख आमच्या बाजूला आला. मी पाण्याच्या बाटल्या भरत होतो. तो काकूंसमोर जाऊन उभा राहिला.

"काय रे बाळा?"

"मी गोरख, काकू. सिन्नरचा."

काकूंनी चष्मा वर सरकवला. "तूच का तो? माझ्या संजूला पाडायचास तो?"

"हां."

"त्याच्या पायाला तेल चोळताना किती शिव्या घातल्यात मी तुला!"

गोरख खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या कॉलनीपर्यंत आलो होतो, काकू. बसमधून उतरायची हिंमत झाली नाय."

काकूंनी विचारलं, आवाजात राग अजिबात नव्हता, "इतकं का पाडायचास रे त्याला?"

"दुसरा इलाजच नव्हता, काकू. पाडला नाय तर निघून जायचा तो."

काकूंनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

शिट्टी वाजली. सिन्नरचे दहाच जण मैदानात उतरले, गोरख लिंबाखालीच बसून होता. रेफरीने आव्हाड साहेबांकडे बघितलं. साहेबांनी लांबूनच हात केला, सुरू करा.

तेवढ्यात खैरनार सर लाइनपाशी गेले आणि त्यांनी आमच्या लेफ्ट विंगरला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी कोणालाच पाठवलं नाही.